वरचे चारशे मीटर

पत्र सोमवारी सकाळी आलं आणि जेवणाची वेळ होईपर्यंत डॉक्टरांनी ते सात वेळा वाचलं. मजकूर सरळ होता. गाडीच्या इंजिनाजवळून जाणारी पेट्रोलची नळी सदोष निघाली असून ती पेट घेऊ शकते. गाडी उभी असतानाही घेऊ शकते. सबब दुरुस्ती होईपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, मालकांनी गाडी चालवू नये, गॅरेजमध्ये ठेवू नये, कोणत्याही इमारतीपासून किमान पंधरा मीटर दूर, उघड्यावर उभी करावी. गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे आणि योग्य ती भरपाई देईल. भरपाई अधिकारी गुरुवारी अकरा वाजता घरी येतील.

डॉक्टर दाताचे. अडतीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून त्यांचा स्वभाव असा झाला होता की पत्रात पंधरा मीटर लिहिलं असेल, तर चौदा मीटर नव्वद चालणार नाही. त्यांनी टेप आणला. त्यांचं घर एका बाजूला, थोरल्या बहिणीचं, म्हणजे आक्कांचं, समोर, आणि मध्ये सामाईक अंगण. दोन्ही घरांपासून पंधरा मीटर भरेल अशी जागा अंगणात एकच निघाली, आणि ती आक्कांच्या कपडे वाळवायच्या दोरीखाली होती. दोरी सोडली. शेजारचे तिघे बोलावून गाडी ढकलत तिथे आणली. लाल रंगाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, दोनच माणसांची गाडी. डॉक्टरांनी साठी झाल्यावर स्वतःच स्वतःला दिलेली भेट.

आक्का ओल्या चादरींची बादली घेऊन दारात उभ्या होत्या.

"लग्न केलंस तेव्हा एकच बायको आणलीस, म्हणून मी तुला शहाणा समजत होते," त्या म्हणाल्या. "आता ही लाल सवत माझ्या दारात आणून बसवलीस."

"आक्का, तिला आग लागू शकते."

"सवतीला लागणारच. माझ्या चादरी कुठे घालू ते सांग."

डॉक्टरांच्या पत्नी पायरीवर उभ्या राहून हे बघत होत्या. लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. त्यांनी तीस वर्षं भूमापन खात्यात नकाशे काढले होते आणि कुणाचा एक दातही उपटला नव्हता, पण नवऱ्याची पाटी बायकोला लागते, त्याला त्यांचा इलाज नव्हता. शेजाऱ्यांना वाटलं, त्या गाडीच्या काळजीने गप्प आहेत. ते खरंच होतं. कारण मात्र कुणालाच माहीत नव्हतं. आक्का सोडून.

कारण असं. गाडी घेतल्यापासून डॉक्टर ती दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत नेत आणि परत आणत. आठ पूर्णांक चार किलोमीटर. वेग ताशी चाळीस. परत आल्यावर निळ्या वहीत तारीख, अंतर, हवामान आणि शेरा. शेऱ्यात बहुधा "ठीक" असे. तीन वर्षांत दोन रविवार चुकले होते, एक तापामुळे आणि एक व्याह्यांमुळे. बाकी एकशे चोपन्न रविवारांची बेरीज वहीत लाल शाईने होती: एक हजार दोनशे त्र्याण्णव पूर्णांक सहा.

निघताना डॉक्टर छोटा मीटर शून्यावर आणत आणि परतल्यावर तोच वाचून वहीत उतरवत. गाडी एकूण किती चालली हे दाखवणारा आकडा निराळा होता. तो बघायला एक बटण लागोपाठ तीनदा दाबावं लागे. डॉक्टरांनी ते एकदाही दाबलं नव्हतं. बेरीज आपल्या वहीत असताना गाडीला कशाला विचारायचं, असं त्यांचं मत होतं.

आणि इकडे अडीच वर्षांपासून, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, डॉक्टर दवाखान्यात असताना, डॉक्टरीणबाई ती गाडी चालवत होत्या.

सुरुवात गॅरेजला रंग देण्यावरून झाली. गाडी बाहेर काढायची होती, डॉक्टर दवाखान्यात होते. त्यांनी ती फाटकापर्यंत आणली. फाटक उघडंच होतं. पुढे काय झालं ते त्या स्वतःलाही नीटसं सांगू शकल्या नसत्या, पण तासाभराने त्या बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्यावर होत्या. हा रस्ता त्यांनीच नकाशावर काढला होता. तीस वर्षांत पट्टी ठेवून एका दमात रेघ मारता आली, असा तो एकच रस्ता; बाकी सगळे रस्ते वळणांनी हात दुखवणारे. अकरा किलोमीटर, ना घर ना झाड. कागदावर त्याला दोन सेकंद लागले होते. गाडीने किती लागतात, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मग ते दर आठवड्याला दोनदा बघणं सुरू झालं. जाऊन येऊन अडुसष्ट किलोमीटर. परतताना टाकी भरायची, काचेवरचे किडे पुसायचे, साडेबाराच्या आत गॅरेज बंद. टायर झिजले तेव्हा त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की या जातीच्या गाड्यांचे टायर उभ्या उभ्याच झिजतात. डॉक्टरांनी वहीत तसं लिहिलं.

आक्कांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांचं स्वयंपाकघर अंगणाकडे होतं आणि कान शाबूत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "परत येतेस ना?"

"येते."

"मग मला काय करायचंय?"

तर आता गाडी चार महिने हलणार नव्हती, म्हणजे मंगळवार गेले, शुक्रवार गेले. तेवढं एक वेळ चाललं असतं. पण पत्राच्या चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: भरपाई गाडीच्या प्रत्यक्ष वापरावरून ठरवली जाईल. ते वाक्य डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं आणि वहीवर हात ठेवून म्हणाले, "बघ. म्हणून माणसाने लिहून ठेवावं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्यांच्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं.

गुरुवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना भरपाई अधिकारी आले. पन्नाशीचे गृहस्थ, हातात जाड बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. ओळखपत्रावरच्या फोटोत दोन्ही गाल सारखे होते. प्रत्यक्षात उजवा गाल डाव्याच्या दीडपट होता, आणि ते तोंडाच्या एकाच बाजूने बोलत होते.

"तुम्ही तेहतिसावे," ते बसत म्हणाले. "या भागात चौतीस गाड्या आहेत. पहिल्या मालकांनी माझ्यावर कुत्रा सोडला. सातव्यांना भरपाई म्हणून विमान हवं होतं. तुमच्याकडे कुत्रा नाही ना?"

"आक्का आहे," डॉक्टर म्हणाले. "पण ती समोर राहते."

अधिकाऱ्यांनी चहा घेतला, बशीत ओतला, आणि फुंकून फुंकून पार गार केला. बिस्किटाकडे पाहिलं आणि मान फिरवली. मग तीन पर्याय सांगितले. एक, दुरुस्ती होईपर्यंत कंपनी दुसरी साधी गाडी वापरायला देईल. दोन, दुसरी गाडी नको असेल तर दर महिन्याला ठरावीक रक्कम. तीन, मालकाची इच्छा असेल तर कंपनी गाडी परत घेईल; जितकी कमी चाललेली, तितकी जास्त किंमत.

"तीन," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरीणबाई हातात ट्रे घेऊन उभ्या होत्या, तशाच राहिल्या. रात्रंदिवस त्यांनी उघडकीला येण्याची भीती बाळगली होती. गाडीच जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"अहो, एवढी घाई कशाला?" त्या म्हणाल्या. "हौसेने घेतलीत."

"हौस झाली. जळण्याआधी गेलेली बरी." डॉक्टर त्यांच्याकडे न बघता म्हणाले आणि वही पुढे सरकवली. "साहेब, ही गाडी नवीच समजा. तीन वर्षांत एक हजार दोनशे त्र्याण्णव पूर्णांक सहा. प्रत्येक किलोमीटर तारीखवार."

अधिकाऱ्यांनी वही चाळली. एका पानावर थांबले, दुसऱ्या पानावर थांबले. मग त्यांनी बॅगेतून कागदांचा जुडगा काढला. "डॉक्टर, एक छोटीशी बाब. या गाड्या स्वतःची नोंद स्वतः ठेवतात. ती आमच्याकडे आपोआप येते. आणि आमच्या नोंदीप्रमाणे..."

"अहो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साहेबांचा गाल बघितलात का?"

डॉक्टरांनी गाल बघितला. अर्धा तास समोर असून त्यांनी तो बघितला नव्हता. घरी असले की ते माणसाकडे माणूस म्हणून बघत. आता मात्र त्यांचे डोळे बदलले.

"किती दिवस?"

"नऊ," अधिकारी म्हणाले. "पण ते राहू द्या. आमच्या नोंदीप्रमाणे..."

"अगं, बॅटरी आण. आणि चहाचा चमचा, उकळत्या पाण्यातून काढून. साहेब, खिडकीकडे तोंड करा. आ करा."

"मी ड्यूटीवर आहे."

"दाढही ड्यूटीवरच आहे. आ."

डॉक्टरीणबाईंनी इतक्या चपळाईने चमचा कधीच आणला नव्हता. अधिकाऱ्यांनी आ केला आणि त्यांची नोंद तोंडातल्या तोंडात राहिली. डॉक्टर चमच्याने गाल बाजूला सारून आत बघत होते आणि आतल्या परिस्थितीचं वर्णन करत होते. ते ऐकून अधिकाऱ्यांचे डोळे मोठे होत होते. डॉक्टरीणबाई बॅटरी धरून उभ्या होत्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती, हे तोंड जमेल तितका वेळ उघडं राहावं.

तेवढ्यात आक्का आल्या. त्या भरपाईसाठीच आल्या होत्या.

"कंपनीचे तुम्हीच का?" त्या उघड्या तोंडाला म्हणाल्या. "माझी दोरी चार दिवस जमिनीवर आहे. चादरी खुर्च्यांवर वाळतायत. माणसाने बसायचं कुठे?"

"आँ," अधिकारी म्हणाले.

"आँ काय? लिहून घ्या."

"आक्का, त्यांना बोलता येत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "साहेब, तसेच बसा, तोंड मिटू नका, चमचा धरा. हा असा. तोवर तुमचा फॉर्म मीच भरतो. वेळ वाचेल."

पाहुण्याचा फॉर्म यजमानाने भरावा, हे डॉक्टरांना वावगं वाटलं नाही. रुग्णाचं तोंड उघडं असताना त्याचं नाव, वय, पत्ता ते अडतीस वर्षं असेच परस्पर भरत आले होते. त्यांनी तिसऱ्या पर्यायापुढे खूण केली. "एकूण अंतर" या चौकटीत वहीतला आकडा दशांशासकट उतरवला. खाली बारीक अक्षरात छापलेलं त्यांनी मोठ्याने वाचलं, कारण बारीक अक्षर ते नेहमीच मोठ्याने वाचत.

"वरील माहिती सत्य असून ती असत्य आढळल्यास होणाऱ्या कायदेशीर कारवाईस मी जबाबदार राहीन. वा. असंच पाहिजे."

"आँ, आँ," अधिकारी म्हणाले. त्यांचा हात कागदांच्या जुडग्याकडे जाऊ बघत होता, पण त्यात चमचा होता.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी विझवली. आणखी दोन मिनिटं गप्प राहिलं तर गाडी जाणार, आणि वर हा माणूस, ज्याने आयुष्यात नाकासमोरची वाट सोडली नाही, खोट्या कागदावर खरी सही करणार. त्यांनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी छताकडे पाहिलं. म्हणजे तुझं तू बघ.

"सही करू नका," त्या म्हणाल्या.

"का?"

"आकडा चुकलाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. अडतीस वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं. "कुठला?"

"त्यांना तोंड मिटू द्या. ते सांगतील."

चमचा निघाला. अधिकाऱ्यांनी जबडा दोनदा हलवून बघितला, जुडगा घेतला आणि एका दमात वाचलं, पुन्हा कुणी आ करायला सांगायच्या आत. "एकूण अंतर अठरा हजार नऊशे चौऱ्याहत्तर. मुख्य वापर मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेदहा ते सव्वाबारा. सर्वाधिक वेग ताशी एकशे एकोणऐंशी, गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, अकरा वाजून सात मिनिटांनी."

डॉक्टरांनी वहीतली बेरीज पुन्हा बघितली.

"अशक्य," डॉक्टर म्हणाले. "मंगळवारी मी दवाखान्यात असतो. अकरा वाजून सात मिनिटांनी माझे दोन्ही हात कुणाच्या तरी तोंडात असतात. गाडी चोरीला जाते आणि परत येते, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"चोर टाकीही भरून ठेवतो," अधिकारी म्हणाले. "तशी नोंद आहे."

"मी चालवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. गॅरेजचा रंग, फाटक, खाणीचा रस्ता, पट्टीची रेघ, टायर. फार वेळ लागला नाही. अडीच वर्षांची गोष्ट सांगायला बसलं की पाच मिनिटांत संपते. शेवटी म्हणाल्या, "चोरून केलं ते चुकलं. पण गाडी परत देऊ नका."

डॉक्टरांनी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडायला घेतले. अठरा हजार नऊशे चौऱ्याहत्तर वजा एक हजार दोनशे त्र्याण्णव पूर्णांक सहा. मग विचारलं, "एका खेपेला किती?"

"अडुसष्ट."

"नेमके?"

"नेमके. मी नकाशेवाली आहे."

"खेपा किती?"

"एकशे तीस आठवडे. एकही चुकला नाही."

"म्हणजे दोनशे साठ. सतरा हजार सहाशे ऐंशी." डॉक्टरांचा चेहरा हळूहळू उजळत होता, आणि ते बघून अधिकारी जरा मागे सरकले. "बरोबर येतंय. जवळजवळ बरोबर." मग पुन्हा कपाळाला आठी पडली. "शून्य पूर्णांक चार उरतात."

"उरू देत," अधिकारी म्हणाले.

"उरू देत कसे? चारशे मीटर आहेत. कुठे गेले?"

डॉक्टरीणबाईंनी आठवून बघितलं. त्यांना खरंच सांगता येईना. दोनशे साठ खेपा कबूल केल्यावर वरच्या चारशे मीटरसाठी त्या कशाला खोटं बोलतील? पण डॉक्टर पेन धरून बसले होते, आणि उत्तर मिळाल्याशिवाय ते उठणार नाहीत हे उघड होतं.

आक्कांनी घसा साफ केला.

"कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "आणि परत."

"आक्का, तू?"

"किल्ली हिने ओट्यावर ठेवली होती. तू बहिणीला कधी विचारलंस का, बसतेस का म्हणून? तीन वर्षं टाकी बघून येतो मेला." त्यांनी पदर सारखा केला. "गाडी चांगली आहे. चादरींच्या मध्ये येते एवढंच."

डॉक्टरांनी चार या आकड्याभोवती गोल काढला आणि पेन खाली ठेवलं. हिशेब मिळाला होता. आता त्यांना रागवायला वेळ होता, पण रागवायच्या आधीच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणि तुम्हाला ती विकायची का होती? आगीचं काय, नळी दुरुस्त होणारच आहे."

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"रविवारी परत आल्यावर मी गाडीत थोडा वेळ बसून असतो," ते म्हणाले. "तुला वाटतं, गाणी ऐकतो."

"मग?"

"उतरता येत नाही. पाठ धरते. गॅरेजच्या खांबाला धरून निघावं लागतं. खांबापर्यंत हात पोचायलाच पाच मिनिटं लागतात."

आक्का हसल्या. मग डॉक्टरीणबाई हसल्या. अधिकाऱ्यांनाही हसू आलं, पण दाढेने त्यांना तिथल्या तिथे शिक्षा केली.

फॉर्म नवा भरला गेला. पहिला पर्याय. अंतराच्या चौकटीत डॉक्टरांनी कंपनीचाच आकडा घातला आणि पुढे "तपासून पाहिला, बरोबर आहे" असा शेरा स्वतःहून लिहिला. "इतर गैरसोय" या सदरात आक्कांनी दोरी लिहायला लावली आणि अधिकाऱ्यांनी ती नीट लिहिली की नाही, हे चष्मा लावून तपासलं. अधिकाऱ्यांनी शेवटी स्वतःचा रकाना भरला: भेटीचा कालावधी दोन तास दहा मिनिटं, विलंबाचं कारण, दाढ. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती दवाखान्यात निघाली. चौतिसाव्या मालकांकडे ते दोन्ही गाल सारखे करून गेले.

आठवड्याने कंपनीची साधी गाडी आली. उंच, खोक्यासारखी, राखाडी रंगाची, खुर्चीवर बसावं तसं बसता येईल आणि खुर्चीवरून उठावं तसं उठता येईल अशी. डॉक्टर तिच्यात एकदा बसले, उतरले, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. शेऱ्यात पहिल्यांदाच "उत्तम" आलं. त्याच दिवशी आक्कांच्या नावाने कंपनीचं पाकीट आलं. आत दिलगिरीचं पत्र आणि पंधरा मीटर नायलॉनची दोरी. पत्र आक्कांनी चौकट करून भिंतीवर लावलं. दोरी त्यांना आखूड वाटली.

लाल गाडी चार महिने दहा दिवसांनी दुरुस्त होऊन आली. पुढच्या मंगळवारी दवाखान्याच्या दारावर "सकाळी बंद" अशी पाटी लागली. डॉक्टरीणबाई चालकाच्या जागी बसल्या. डॉक्टर शेजारी आले, आधी पाठ, मग एक पाय, मग दुसरा, आणि मांडीवर निळी वही उघडली. नवं पान, नवा रकाना: चालक.

"खाणीचा रस्ता आला की वही मिटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"लिहिणं माझ्याकडे आहे. तू पुढे बघ."

त्या दिवसाचं पान अजून वहीत आहे. तारीख स्वच्छ आहे. हवामान स्वच्छ आहे, अक्षरही आणि आकाशही. चालक, पत्नी. पुढे "वेग" हा शब्द आहे, आणि त्याच्यापुढे आकड्याची पहिली उभी रेघ. ती खाली यायची तिथे वळली आहे आणि पानाच्या कडेपर्यंत आडवी, एका दमात, पट्टी ठेवल्यासारखी सरळ गेली आहे. डॉक्टरांनी ती खोडली नाही. शेऱ्यात त्यांनी घरी आल्यावर, खांब धरून उतरल्यानंतर, काय लिहिलं आहे ते मात्र कुणालाच वाचता येत नाही, कारण तेवढंच अक्षर स्वच्छ नाही.